पोराला रायफल घ्यायची म्हणताय? आधी रेंज दाखवा, मग दुकान

बार्शी : स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून आमच्यासारख्या गावाकडच्या वार्ताहरांना एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, पोराला नेमबाजीचा नाद लागलाय, रायफल कुठली घ्यावी?" कोणी यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून हजार मीटरवरच्या रायफलीचं नाव सांगतं. कोणी मोबाईलवर एअरगनचा फोटो दाखवून विचारतं, ही चालंल का? तुरीचा नाहीतर सोयाबीनचा पैसा हातात आला की असे फोन वाढतात. आकडा हजारात नसून लाखात आहे, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

सुरुवात एका उदाहरणानं करतो. आपल्याच भागातल्या एका बापानं पोरासाठी दुर्बीण बसवलेली एअर रायफल आणली. दुकानदारानं सांगितलं, ऑलिंपिकला हीच चालते. पोरगं ती घेऊन स्पर्धेला गेलं, तर तपासणीच्या टेबलावरच अडलं. नेमबाजीच्या रायफल स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. पोरगं बिचारं रडत बाहेर आलं. बाप मला म्हणाला, "एक म्हैस गेली ओ त्यात." रायफल आजही घरात कपाटावर पडून आहे. असं दुसऱ्या कोणाचं होऊ नये.

लांबचा नेम म्हणजे नेमका किती लांब?

ऑलिंपिकमध्ये रायफलीचे दोनच पल्ले आहेत, १० मीटर आणि ५० मीटर. १० मीटरला एअर रायफल लागते, ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि हवेचा दाब. ५० मीटरला पॉइंट टू-टू, म्हणजे खरी दारूची गोळी. स्वप्निलचं पदक या ५० मीटरचं, तीन पोझिशनचं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. त्यापुढं ३०० मीटरचा प्रकार आहे, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, पण तो ऑलिंपिकमध्ये नाही. आणि ८००-१००० मीटरचा जो प्रकार व्हिडिओत दिसतो, तो इंग्लंड-अमेरिकेतल्या क्लबांचा खेळ.

तुम्ही म्हणाल, ५० मीटर म्हणजे काय लांब? आमच्या बांधापासून विहीर त्याच्यापेक्षा लांब आहे. बरोबर आहे. पण ५० मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ केवढं असतं माहितीय का? १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं. १० मीटरच्या टार्गेटवर तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. पॅरिसच्या फायनलला स्वप्निलचे ४५१.४ गुण झाले. सोनं घेतलेल्या चीनच्या लिऊ युकुनचे ४६३.६ आणि रौप्य घेतलेल्या युक्रेनच्या सेरही कुलिशचे ४६१.३. पात्रता फेरीत स्वप्निल ५९० गुण घेऊन सातवा होता. फायनलमध्ये दशांशानं गुण मोजतात, आणि त्या दशांशावर पोरं घरी जातात.

त्यात वारा. पॉइंट टू-टूची स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर जाते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असला, म्हणजे आपल्याकडं ज्वारीचं पान सळसळतं तेवढा, तर ५० मीटरपर्यंत ती दोन-अडीच सेंटीमीटर सरकते. दहाची गोळी आठवर नाहीतर सातवर जाऊन बसते. म्हणून ५० मीटरच्या रेंजवर वाऱ्याची छोटी निशाणं लावलेली असतात आणि नेमबाज निम्मा वेळ त्यांच्याकडंच बघत असतो. हजार यार्डावर तर मोठ्या बोअरची गोळी सुद्धा दहा मीटरच्या आसपास खाली येते आणि तेवढ्याच वाऱ्यात दोन मीटरच्या वर बाजूला जाते. तो खेळ वाऱ्याचा आणि हिशोबाचा आहे. त्यासाठी मैलभर मोकळी, सुरक्षित, परवानगीची जागा लागते. आपल्याकडं असल्या जागा लष्कराकडं आहेत, तुमच्या-माझ्याकडं नाहीत. शेतात टार्गेट लावून मोठी रायफल उडवणं हा गुन्हा आहे. त्यातून पलीकडच्या बांधावर कोण खुरपत बसलंय, हे कोणाला दिसतंय?

शिवाय .३०३ आणि ७.६२ ही बोअर आपल्याकडं प्रतिबंधित आहेत, सामान्य माणसाला त्यांचा परवाना मिळत नाही. व्हिडिओतल्या बहुतेक रायफलींचा विषय इथंच संपतो. बार्शीच्या पोराचा लांब पल्ला म्हणजे ५० मीटर, आणि त्याची वाट १० मीटरवरून जाते.

परवान्याचं काय?

इथं लोकांचा लई गोंधळ होतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेची १० मीटरची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, म्हणजे ती आरामात यात बसते. दुकानदाराला ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या, आणि बिलावर बोअर आणि ताकद लिहून घ्या. उद्या पोलिसांनी रस्त्यात विचारलं तर तेच कामाला येतं. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ बोअरची एअरगन कोणी गळ्यात मारली, तर ती परवान्याशिवायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पॉइंट टू-टूला मात्र परवाना लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, पोलिसांची चौकशी, आणि वय किमान २१. त्याच्या आतल्या पोराला स्वतःच्या नावावर बंदूक मिळत नाही. प्रशिक्षणात, देखरेखीखाली क्लबची रायफल वापरायला कायद्यानं वाट ठेवलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंना त्यातून जादा सवलत आहे, पण त्यासाठी आधी स्पर्धेतले गुण लागतात. निवडणुका लागल्या की गावातले परवानाधारक ठाण्यात बंदुका जमा करायला रांगा लावतात, ते आपण बघतोच. रायफल असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना त्यातून सूट दिली जाते, नाहीतर दोन महिने सराव बंद.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. टिपेश्वरकडून आलेला वाघ येडशी-बार्शी पट्ट्यात फिरायला लागल्यापासून आणि रानडुकरं तर आधीपासून आहेतच म्हणून, काहीजण "एअरगन असलेली बरी" म्हणून चौकशी करतात. स्पर्धेच्या एअर रायफलीनं डुकराचं काही होत नाही, त्याच्या कातडीला नुसतं खरचटतं. मोर, काळवीट, ससा, कशावरही ती चालवली तर वन्यजीव कायद्यात आत जाल. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याला लागूनच आहे, वनखात्याचं लक्ष असतं. पीक राखायचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा. त्यात पोराच्या खेळाला घुसडू नका.

आता रायफल

एक बारकावा बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. शालेय स्पर्धांमध्ये एअर रायफलीचे दोन प्रकार असतात, ओपन साइट आणि पीप साइट. ओपन साइट म्हणजे पुढं माशी आणि मागं खाच, जुन्या बंदुकीसारखं. पीप साइट म्हणजे मागं बारीक छिद्र आणि पुढं गोल रिंग. छिद्रातून रिंग बघायची आणि रिंगमध्ये काळं टार्गेट बसवायचं. ऑलिंपिकची वाट पीपची आहे. ओपन साइटवर जिल्हा जिंकलेलं पोरगं पीपवर आलं की पहिले सहा महिने चाचपडतं. म्हणून पोरगं कुठल्या प्रकारात खेळणार, हे कोचला विचारून मगच खरेदी.

शिकाऊ पोरासाठी आपल्या ठाणे जिल्ह्यातली प्रिसीहोल ही कंपनी एअर रायफली बनवते. काही हजारांपासून तिचे मॉडेल सुरू होतात आणि क्लबांमध्ये पोरं त्यावर हात बसवतात. वरच्या स्पर्धेत मात्र जर्मनीच्या वाल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुट्झ आणि ऑस्ट्रियाची स्टायर हीच नावं दिसतील. ती दोन-अडीच लाखांच्या पुढं. ५० मीटरच्या पॉइंट टू-टूमध्ये आन्शुट्झ, वाल्थर, आणि स्वित्झर्लंडच्या ब्लायकर, ग्र्युनिग अँड एल्मिगर. त्यांचे भाव ऐकून ट्रॅक्टरची आठवण येते.

पण नावाच्या मागं लागू नका. दोन चांगल्या कंपन्यांच्या रायफलीत जो फरक आहे, त्याच्यापेक्षा पोराच्या अंगाला बसलेली आणि न बसलेली यात दहापट फरक आहे. एअर रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. पुरुषांच्या ५० मीटर रायफलीला आठ किलोपर्यंत परवानगी आहे. बारा वर्षांच्या किडकिडीत पोराच्या हातात पाच किलोची रायफल दिली, तर ते कंबर मागं टाकून उभं राहणार. वीस मिनिटांत पाठ दुखणार आणि सवय लागणार ती चुकीची. हलकी रायफल घ्या. दस्ता मागं-पुढं, गालाची पट्टी वर-खाली होणारी असली म्हणजे पोरगं वाढलं तरी दोन-तीन वर्षं चालते. गाल पट्टीवर टेकवला की मान न वाकवता डोळा थेट छिद्रावर आला पाहिजे. मान वाकली तर ती रायफल त्याची नाही.

डोळा कुठला चालतो, हेही आधी बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हात लांब करून अंगठा लांबच्या विजेच्या खांबावर धरायला सांगा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला अंगठा खांबावरच दिसतो, तो त्याचा मुख्य डोळा. उजव्या हाताचं पोरगं आणि डावा डोळा मुख्य, असं बऱ्याच जणांचं असतं. मग डाव्या दस्त्याची रायफल घ्यायची का डाव्या डोळ्यापुढं झापड लावायची, हे कोच ठरवंल. पैसे दिल्यावर हे कळलं तर रायफल परत कोण घेणार?

जुनी रायफल घ्यायला हरकत नाही, उलट मी म्हणतो जुनीच बघा. बरीच पोरं दोन वर्षांत खेळ सोडतात, त्यांच्या रायफली चांगल्या असतात. फक्त हवेची टाकी बघा. आताच्या स्पर्धेच्या एअर रायफलीत २०० बारपर्यंत हवा भरलेली टाकी असते. तिच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि कंपनीनं दिलेली मुदत साधारण दहा वर्षांची. मुदत संपलेली टाकी स्पर्धेत अडवू शकतात, आणि घरात ठेवायलाही ती धोक्याचीच. नवी टाकी स्वस्त नाही. "नळी एक नंबर आहे" असं विकणारा सांगेल, तुम्ही आधी टाकीवरची तारीख वाचा. पोराला मॅट्रिकचं इंग्रजी येत असलं तरी बास.

ती हवा भरायची कुठं, हा पुढचा प्रश्न. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हे काम होत नाही. हातपंप मिळतो, पण २०० बारपर्यंत मारायला दंडात ताकद लागते आणि कोरडी हवा नसली तर आत गंज धरतो. क्लबमध्ये मोठी टाकी असते, त्यातून भरतात. म्हणजे फिरून गोष्ट क्लबवरच येते.

खरा खर्च रायफलीनंतरच

बैल घेतल्यावर वैरण लागते, तसं आहे हे. स्पर्धेच्या जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा हे वेगळं. जॅकेट मापाचंच लागतं आणि पोरगं वर्षात चार बोटं वाढतं. चांगला छर्रा दोन-तीन रुपयाला पडतो. रोज ६० छर्रे, महिन्याचे २५ दिवस, तर महिना तीन ते साडेचार हजार. पॉइंट टू-टूची स्पर्धेची गोळी त्याच्या कित्येक पट महाग. स्वप्निलच्या वडिलांनी कर्ज काढून त्याचा खर्च भागवला, हे त्या वेळी सगळीकडं छापून आलं होतं. ते शिक्षक, आई कांबळवाडीच्या सरपंच. राधानगरी तालुक्यातलं साधं गाव. म्हणजे पगार येणाऱ्या घराची ही कथा. आपला पगार पावसावर, हे विसरू नका.

गोळ्यांचंही एक गुपित आहे. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या गोळ्या लॉटनं येतात. एका लॉटच्या गोळ्या एका नळीतून एकाच भोकात जातात आणि दुसऱ्या लॉटच्या त्याच नळीतून विखुरतात. मोठे नेमबाज परदेशात कंपनीच्या रेंजवर रायफल शिकंजात धरून लॉट तपासतात आणि जमला तो लॉट पेट्यांनी घेतात. शेतकऱ्याला हे पटकन कळंल. तेच वाण, तीच कंपनी, पण एका लॉटची उगवण होते आणि दुसऱ्याची होत नाही. फरक एवढाच, की आपल्याला लॉट तपासून घ्यायची सोय नसते.

गोळी न घालता सराव करायचा प्रकारही आहे. रिकामा चाप ओढायचा आणि माशी हलते का बघायचं. फुकट आहे आणि घरातल्या भिंतीपुढं होतो. मोठमोठे नेमबाज रोज करतात. त्यासाठी रायफलीला तशी सोय लागते, ती घेताना विचारा. साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर रिकामा चाप ओढला तर आतलं सील फाटतं.

मग करायचं काय?

माझं मत विचाराल तर पहिली रायफल स्वतःची नकोच. स्वप्निलनं घरच्या रायफलीवर सुरुवात केलेली नाही. २००९ मध्ये वडिलांनी त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तिथं त्यानं नेमबाजी निवडली आणि तो नाशिकच्या प्रबोधिनीत घडला. २०१५ ला मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस लागला, तेव्हा कुठं घराला दम मिळाला. अंजली भागवत कॉलेजच्या एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० ला सिडनी ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत गेल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. पोरगं कॉलेजात असेल तर एनसीसीत घाला. तिथं .२२ रायफल सरकारची आणि गोळीही सरकारची. त्याच्या हाताला खरंच काही आहे का, हे तिथंच कळंल. लहान असेल तर क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची तारीख जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पुण्याला बालेवाडीत रेंज आहे, बार्शीवरून एसटीनं एका दिवसात जाऊन येता येतं. सुट्टीच्या दिवशी पोराला घेऊन जा, काचेपलीकडून दोन तास बघू द्या. अर्धी पोरं कंटाळतात. हा खेळ बघायला क्रिकेटसारखा नाही, पोरं पुतळ्यासारखी उभी असतात. जे पोरगं दोन तासांनी "अजून थांबू" म्हणंल, त्याच्यावर पैसे लावायचा विचार करा.

पुढची वाट अशी आहे. आधी क्लब, मग कॅप्टन इझिकेल स्मृती ही राज्य स्पर्धा, तिथं ठरलेले गुण पडले की पुढं मावळणकर स्पर्धा आणि मग राष्ट्रीय. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर, देशाची रायफल असोसिएशन १९५१ ला स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. मराठी माणसानं लावलेलं झाड आहे हे, पण सोलापूरच्या ग्रामीण पोराला त्याची सावली अजून नीट मिळालेली नाही.

सरकारचंही बोललं पाहिजे. पदक आल्यावर राज्यानं स्वप्निलला आधी एक कोटी जाहीर केले, पुढं कांस्यपदकाची रक्कम दोन कोटी केली. रेल्वेनं बढती दिली. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कुस्तीतल्या कांस्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, सत्कार झालाच पाहिजे. पण त्या रकमेतल्या थोड्या भागात किती रेंज उभ्या राहतील, याचा हिशोब कोणी मांडलाय का? १० मीटरची रेंज म्हणजे ३३ फूट अंतर. उभं राहायला जागा आणि मागं छर्रे अडवणारी पक्की भिंत धरली, तर ४५-५० फुटांचं शेड पुरतं. कांद्याच्या चाळीएवढं. वीज गेली तरी कागदी टार्गेट दोरीच्या पुलीवर पुढं-मागं करता येतं, इलेक्ट्रॉनिकच पाहिजे असं नाही. आठ रायफली, एक मोठी हवेची टाकी, एक कोच. तालुका क्रीडा संकुलाची योजना राज्यात आहेच. बार्शी, वैराग, पांगरीच्या शाळांमधली पोरं आळीपाळीनं येऊ शकतात. आठ रायफलींवर वर्षाला शे-सव्वाशे पोरांचा हात तपासून होईल, आणि त्यातल्या तीन-चार बापांनाच पुढं रायफल घ्यायचा विचार करावा लागेल.

आमदार, जिल्हा परिषद, साखर कारखाने, सगळ्यांकडं मागायची ही गोष्ट आहे. येत्या ग्रामसभेत कोणी ठराव मांडणार असेल तर त्याची प्रत आमच्याकडं पाठवा, बातमी लावतो. आणि वर ज्या बापाचं सांगितलं, त्यांची ती दुर्बिणीची रायफल अजून विकायची आहे. मी त्यांना म्हटलं, दुर्बीण काढून पीप साइट बसते का ते एकदा कोचला दाखवा. नाही बसली तर पोराला एनसीसीत घाला, ते आता अकरावीला आहे.